न्हाणीतलं चित्र

राऊत सरांनी आज कुठला रंग वापरला हे त्यांच्या ओठांवरून कळायचं. कुंचल्याला टोक आणायला लोक तो फडक्यावर फिरवतात. सर तो सरळ ओठांत धरायचे आणि ओढून काढायचे. नागावच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणायचे, "आज सातवीला समुद्र दिलेला दिसतो." मग सर रुमालाने ओठ पुसायचे, रंग मिशीत जायचा आणि हा माणूस हिरवी मिशी घेऊन दिवसभर शाळेत हिंडायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, पोटात जातं ते सगळं." तर म्हणतात, "पाटीलबाई, आपल्या शाळेच्या चहापेक्षा बरं लागतं."

सर उंच आणि बारीक होते. शर्ट कायम एका खांद्यावरून घसरल्यासारखा. आवाज इतका हळू की ऐकू यावं म्हणून मागच्या बाकावरची मुलं आपणहून पुढे येऊन बसायची. शिस्त लावायची ही रीत मला कधी जमली नाही. मी डस्टर आपटून घसा बसवून घ्यायचे. त्यांचा एक शब्द ठरलेला होता, "सुकू दे." ओल्या रंगावर मुलं दुसरा रंग द्यायला निघाली की सर त्यांचा हात धरायचे आणि म्हणायचे, "सुकू दे रे. पाण्याला घाई केलीस तर ते तुझं ऐकत न्हाय." हेच ते मुख्याध्यापकांशी माझं वाजलं तेव्हा मला म्हणाले होते. "सुकू दे बाई, मग बोलू." मी घंटेच्या आत गणित सोडवून मोकळी होणारी बाई. असल्या थंड माणसाचा मला राग यायचा, आणि भांडण झालं की सल्ल्याला मी त्यांच्याकडेच जायचे.

आमची घरंही शेजारी. त्यांच्या आणि आमच्या वाडीच्या मध्ये अडुळशाचं कुंपण, आणि त्या कुंपणात ये-जा करून पडलेलं एक भगदाड. ते भगदाड मुख्यतः मी आणि त्यांची बायको सुमनवहिनी वापरायचो. वहिनी पोयनाडकडच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. ठसठशीत, सावळ्या, बोलण्यात फटकळ. सर तोंडातल्या तोंडात बोलायचे आणि वहिनींचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. "तुमचे सर ना, बोलतात कमी नि ऐकतात त्याच्याहून कमी," असं त्या मला सरांच्या देखत सांगायच्या, आणि सर मान डोलवून दुजोरा द्यायचे.

त्यांच्या घरातलं ते चित्र मी पहिल्यांदा बघितलं ते हळदीकुंकवाला गेले तेव्हा. बाहेरच्या खोलीत सरांची झाडं लावलेली होती. नारळ, सुरू, सुपारी, पुन्हा नारळ. ठीकठाक. पण वहिनी ओटीचे तांदूळ आणायला आतल्या खोलीत गेल्या, त्यांच्या मागून मीही गेले, आणि तिथे भिंतीवर काचेत ते चित्र. सुपारीच्या झाडांत एक दगडी पायऱ्यांची पोखरण. वाडीला पाणी द्यायला आमच्याकडे अशी छोटी तळी असायची. पायरीवर एक तरुण बाई पाठमोरी, कमरेपर्यंत पाण्यात, अंगाला चिकटलेलं ओलं लुगडं, उजव्या हातातला तांब्या डाव्या खांद्यावर कललेला. खांद्यावरून उतरणारं पाणी असं काढलं होतं की माझ्याच पाठीवर शहारा आला. चेहरा दिसत नव्हता. तरी मी वहिनींकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. "व्हय, मीच हाय," त्या म्हणाल्या. "आता तांदूळ घ्या."

पुढे मैत्री वाढल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा घरातल्या बायका दुपारी, पुरुषमाणसं आडवी झाली की, पोखरणीवर न्हायला जायच्या. अंगावर लुगडं ठेवूनच. माहेरी त्या कुडाच्या आडोशाला घाईघाईने दोन तांबे घेणाऱ्या. इथे आभाळाखाली, एवढ्या पाण्यात उभं राहून न्हायचं, याचं त्यांना वेडच लागलं. एका दुपारी सर शाळेतून लवकर आले आणि सुपारीच्या आड उभे राहून बघत राहिले. "मला कळलं होतं मागं कोन हाय ते," वहिनी म्हणाल्या, "म्हणून तर तांब्या सावकाश ओतत होते." हे सांगताना पन्नाशीची ती बाई अशी लाजली की मलाच दुसरीकडे बघावं लागलं.

सरांना ते चित्र मुंबईच्या एका प्रदर्शनाला पाठवायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "चित्र तुमचं, पण पाठ माझी हाय. घरात ऱ्हाऊ दे." सरांनी ते आतल्या खोलीत लावलं आणि पुन्हा विषय काढला नाही. निवृत्त झाल्यावर एकदा पडवीत बसलो असताना ते मला म्हणाले, "बाई, जन्मात एकच चित्र झालं माझं. बाकी झाडं काढली मी." त्यात रडगाणं नव्हतं. आज भात जरा कच्चा राहिला असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

मग वहिनींचं विसरणं सुरू झालं. आधी मिठाचा डबा, मग आठवड्याचा वार, मग मस्कतला असलेल्या मुलाचं नाव. तो फोनवर दिसला की त्या विचारायच्या, "कोन रे तू बाबा? जेवलास का?" अलिबागच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे आता उलट फिरणार नाही असंही सांगितलं. सरांनी तेही ऐकून घेतलं. घरी येऊन कुकर लावला.

जेवणाखाण्याचं निभत होतं. अडलं ते अंघोळीशी. वहिनी सरांना ओळखेनाशा झाल्या होत्या. एक परका माणूस आपल्याला न्हाणीत नेतो आणि लुगड्याला हात घालतो, एवढंच त्यांना दिसायचं. त्या किंचाळायच्या, ओरबाडायच्या. "माझे मालक आले ना घरी, तुला तोडून टाकतील!" हे त्या सरांनाच ओरडून सांगायच्या आणि मी कुंपणापलीकडून ऐकायचे. मी मदतीला गेले तर मीही परकी. अलिबागहून एक बाई ठेवून बघितली, तिच्या मनगटाला वहिनी चावल्या आणि ती संध्याकाळच्या सहा-आसनी रिक्षाने परत गेली. ओल्या फडक्याने पुसून किती दिवस काढणार? अंगावर चट्टे उठले, वास येऊ लागला. एवढी टापटिपीची बाई. सर पडवीत माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "तिला माझी लाज वाटते हो बाई. माझी!" त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं.

माझंच डोकं, मी म्हटलं, पोखरणीवर नेऊ या. ती जागा वाटणीत सरांच्या चुलतभावाकडे गेली होती आणि आता त्याच्या मुलाने तिथे होमस्टे केला होता. शनिवार-रविवार पुण्याच्या गाड्या लागायच्या. पोखरण बुजवून त्याच जागी निळ्या फरशीचा तलाव बांधला होता. मंगळवारी गर्दी नसते म्हणून आम्ही दोघं वहिनींना हाताला धरून घेऊन गेलो. काठावर प्लास्टिकचं बदक पडलं होतं. वहिनी वाकल्या, पाण्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, "पानी आजारी हाय." आणि वळून चालू लागल्या.

उपाय निघाला तो अचानक. एका सकाळी वहिनी आतल्या खोलीत चित्रासमोर उभ्या राहून बोलताना सरांना ऐकू आल्या. "एकटीच न्हातेस ग? पानी गार हाय काय?" आणि बोलता बोलता त्या आपल्या पदराची पिन काढू लागल्या. सर दारातच थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्र खिळ्यावरून उतरवलं, मागच्या अंगणातल्या न्हाणीत नेलं आणि समोरच्या भिंतीवर टांगलं. चुलीत नारळाची सोडणं, म्हणजे वाळक्या साली, जाळून पाणी तापवलं, बादली भरली आणि मला हाक मारली. मी वहिनींना घेऊन गेले. त्यांनी चित्राकडे बघितलं, खुशीत पाऊल आत टाकलं आणि दुसऱ्या क्षणाला किंकाळी फोडून बाहेर आल्या. "म्हातारी हाय आत! म्हातारी बघते!" काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला होता.

सरांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला, चौकटीच्या मागच्या पट्ट्या सोडवल्या आणि काच काढली. मी म्हटलं, "सर, पाण्याचे रंग आहेत ना हे?" ते म्हणाले, "व्हय." मी म्हटलं, "वाफ लागेल. शिंतोडे उडतील." ते म्हणाले, "बाई, मला ठाऊक हाय ते." काच त्यांनी काळजीपूर्वक वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पलंगाखाली सरकवली. मग वहिनी आत गेल्या, परकर छातीवर बांधून पाटावर बसल्या आणि चित्रातल्या बाईशी गप्पा मारत, तिच्याच लयीत, तांब्याने पाणी घेऊ लागल्या. "अगो बाय, तुझे केस मोकळेच? सर्दी व्हईल." मी साबण लावला, पाठ चोळली. हूं की चूं नाही. बाहेर सर भिंतीला टेकून उभे होते. पाण्याचा आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

आनंद झाला, पण तो आठवडाभरच टिकला असेल. आधी चित्रातलं पाणी गेलं. तेच सगळ्यांत पातळ रंगाचं होतं. मग सुपारीची खोडं खालून ओघळली. कागद फुगला, कोपऱ्यात बुरशीचे करडे ठिपके आले. सर रोज दुपारी चित्र बाहेर आणून सावलीत वाळवत. मी म्हटलं, प्लास्टिक लावा. त्यांनी पातळ प्लास्टिक ताणून लावलं, ते वाफेने धुरकटलं. वहिनी म्हणाल्या, "तिला पिशवीत का कोंडली?" आणि नखांनी फाडून काढलं. त्याबरोबर कागदाचा एक टवकाही निघाला.

मग मला वाटलं, आपल्या काळात एवढी साधनं आहेत, कशाला जीव टांगणीला लावायचा? चित्राचा मोबाइलवर फोटो काढला आणि अलिबागला बॅनर छापणाऱ्याकडून तेवढ्याच मापाचा फ्लेक्स करून आणला. फ्लेक्स पाण्याला भीत नाही. बॅनरवाला भला माणूस. पण त्याचा हात वाढदिवसाच्या बॅनरवर बसलेला, आणि वाढदिवसाच्या बॅनरवर आलेल्या प्रत्येकाला तो न विचारता गोरं करतो. लोकांनाही तेच हवं असतं. त्याने सवयीने वहिनींची पाठ उजळून दिली, आणि पाणी निळंशार. वर म्हणतो, "मॅडम, क्लीन केलंय, त्याचे वेगळे घेणार नाही." वहिनींनी फ्लेक्सकडे एकदाच बघितलं. "ही कोन मडमीन आनली?" असं म्हणून पाट उचलला आणि बाहेर जाऊन बसल्या. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. मग हसू आवरून सरांनी मूळ चित्र पुन्हा आत नेलं.

सरांची एक विद्यार्थिनी, मनीषा, मुंबईत जुनी चित्रं दुरुस्त करायचं काम करते. सरांनीच तिला त्या वाटेला लावलेलं. मी तिला फोन करून बोलावलं. ती आली आणि अंगणात वाळत ठेवलेलं चित्र बघून तिथेच खाली बसली. "सर, हे काय केलंत?" तिचं रडू आवरेना. मग हातमोजे घालून तिने ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "बाईची पाठ अजून शाबूत आहे. आत्ता माझ्याकडे दिलंत तर वाचेल. बुरशी काढून, कोरड्या हवेत ठेवून, सावकाश. दोन-तीन महिने लागतील. मग त्याच्यावर पाणी चालणार नाही, पण चित्र राहील."

"दोन-तीन महिने," सर म्हणाले. "तेवढं ते सुकेल. पण तोवर हिचं काय करू?"

मनीषा हातमोजे काढू लागली. माझ्या विषयात निदान पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तरी उत्तर सापडतं. शेवटी मीच जोर केला. म्हटलं, "सर, द्या. काही दिवस पुसून काढू. जन्मात एकच झालं म्हणता ना?" सरांनी चित्राची फुगलेली कड तळव्याने दाबून सपाट केली. मग चित्र जुन्या चादरीत गुंडाळून स्वतः तिच्या गाडीत ठेवलं आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत फाटकात उभे राहिले.

दुसऱ्या सकाळी वहिनी सवयीने न्हाणीत गेल्या. भिंत रिकामी. मी तिथेच होते. त्यांनी आधी भिंत चाचपली, मग बादलीच्या मागे बघितलं, मग दाराबाहेर जाऊन विहिरीपर्यंत शोधून आल्या. "बाय गेली कुठं? बुडली का? अरे, कोनी बघा रे, बाय बुडली!" त्या विहिरीच्या कठड्यावर ओणवून हाका मारू लागल्या. सरांनी मागून मिठी मारून त्यांना ओढलं आणि त्यांनी सरांच्या गालावर नखं उमटवली. मनीषा अलिबागला बहिणीकडे मुक्कामाला होती म्हणून बरं. मी फोन केला आणि तासाभरात ती चित्र घेऊन परत आली. तिनेच ते पुन्हा खिळ्याला टांगलं. सर तिला म्हणाले, "तू वाईट वाटून घेऊ नको. तू वाचवायला आली होतीस." गालावर रक्त सुकलेलं होतं.

त्यानंतर सरांनी दुसराच उद्योग सुरू केला. सकाळच्या अंघोळीत जेवढं वाहून जाई, तेवढं ते दुपारी परत रंगवायला बसत. मी भगदाडातून डोकावले की पडवीत सर, मांडीवर फळी, आणि ओठांवर कित्येक वर्षांनी तोच हिरवा रंग. हात कापायचा. तांब्या ठीक यायचा, लुगड्याची कड जमायची, पण खांदा बिघडायचा. "पाठ डोळ्यांपुढं हाय हो," ते म्हणायचे, "हातच तिथवर पोचत न्हाय." शिवाय चित्र पुरतं वाळायच्या आत पुन्हा सकाळ व्हायची. ओल्या कागदावर रंग लावायचा नाही म्हणून ज्याने पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांचे हात धरले, तो ओल्या कागदावर रंग लावत होता. मी एकदा म्हटलंही, "सर, सुकू दे." ते म्हणाले, "आता कुठला वेळ, बाई?"

दिवाळीच्या सुमाराला चित्रात बाई अशी उरलीच नाही. हिरव्या-तपकिरी रंगाचा एक थर, मध्ये एक पिवळसर डाग. आम्हाला माहीत होतं म्हणून तो डाग आम्हाला पाठ वाटायचा. एका सकाळी वहिनींनी न्हाणीच्या दारात उभं राहून त्याच्याकडे नीट बघितलं. "झाली तिची अंघोळ," त्या म्हणाल्या. "गेली ती घरी."

"मग आता तुमची," मी म्हटलं.

"मी न्हाय. एकटी कशी न्हाऊ?" आणि त्या उंबऱ्यावर बसल्या. मी विनवलं, हाताला धरलं, त्यांनी हात झटकला आणि किंचाळायला तोंड उघडलं. मी मागे सरले. आता पुढे काही नव्हतं. घरात दुसरं चित्र नव्हतं, पोखरण नव्हती, आणि रंगवणाऱ्याचा हात राहिला नव्हता.

तेव्हा सर आत गेले. त्यांनी शर्ट काढला, बनियन काढलं आणि पंचा नेसून समोरच्या भिंतीकडे तोंड करून पाटावर बसले. म्हातारी, वाळलेली पाठ, मणके मोजून घ्यावेत अशी. या माणसाने आयुष्यात कधी चारचौघांत सदऱ्याचं वरचं बटण सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी उजव्या हाताने तांब्या भरला आणि डाव्या खांद्यावर कलता केला. सावकाश. पाणी खांद्यावरून पाठीवर उतरलं. पुन्हा एक. ते बोलले नाहीत, हलले नाहीत, त्यांनी मान वळवली नाही.

वहिनी उंबऱ्यावरून बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पानी गार हाय काय, बाबा?"

"न्हाय," सर भिंतीकडे बघत म्हणाले. "कोमट हाय. ये."

वहिनी उठल्या, आत जाऊन दुसऱ्या पाटावर बसल्या आणि तांब्या हातात घेतला. मला तिथे थांबवेना, पण साबण लावायला थांबावं लागलं.

मग ते रोजचंच झालं. सर पाठमोरे बसायचे आणि वहिनींची अंघोळ पुरी होईपर्यंत उठायचे नाहीत. वहिनींना घाई नसायची. आपल्याशीच बोलत, मध्येच थांबत, त्या अर्धा अर्धा तास घ्यायच्या, आणि तोवर सर ओल्या अंगाने गारठत बसलेले. थंडीचे दिवस. मी ओरडायचे, "अहो, पंचा बदला, अंग पुसा." ते म्हणायचे, "तिचं होऊ दे." हललं तर ती बिचकेल, ही धास्ती. डाव्या हाताने खोकला दाबायचे. पौषात तो खोकला छातीत उतरला. अलिबागच्या दवाखान्यात नेलं, तिथून ते घरी आले ते शववाहिकेतून.

दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाले, "न्हाली का?" मी खोटंच सांगितलं, न्हाली म्हणून. ते दवाखान्यात होते तेवढे दिवस वहिनींच्या अंगाला पाणी लागलं नव्हतं.

मस्कतहून मुलगा आला. दुपारी सरांना नेलं. मागे घरातल्या बायकांच्या अंघोळी सुरू झाल्या आणि वहिनींपाशी गाडी अडली. आपल्या घरातून कोण गेलं हे त्यांना कळलेलं नव्हतं. एवढी माणसं का जमली म्हणून त्या येईल त्याला "जेवलात का" विचारत होत्या. नणंदा-जावांनी त्यांना न्हाणीकडे ओढलं तशी त्यांनी आरडाओरडा केला. एकीने म्हटलं, "चार जणी धरा नि ओता दोन बादल्या, अशी कशी ठेवणार आजच्या दिवशी?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं, आणि अंगावरच्या गाऊनसकट भिंतीकडे तोंड करून सरांच्या पाटावर बसले. भिंतीवर खिळा होता, चौकट होती, चौकटीत तो डागही होता. मी तांब्या भरला आणि डाव्या खांद्यावर ओतला.

दुसरा ओतला, तिसरा ओतला, कान मागे उंबऱ्याकडे. मग पावलं वाजली, पाट सरकला, पाण्यात तांब्या बुडल्याचं ऐकू आलं. आणि अगदी जवळून वहिनींनी विचारलं, "बाय, तो हितं पाठ करून बसतो तो बाबा कुठं गेला?"

माझा तांब्या बादलीतच राहिला.

"भला मानूस हाय," त्या म्हणाल्या. "रोज येतो. पन कधी मागं वळून बघत न्हाय."

मी तांब्या भरला आणि पुन्हा खांद्यावर ओतला. पाणी गार झालं होतं. वहिनींचं होईपर्यंत मीही वळून बघितलं नाही.